स्कॉटलंडमधील कुळनिहाय टार्टन खरोखर किती जुने?

दीर्घवाचक यांचा प्रश्न:

नमस्कार. स्कॉटलंडच्या इतिहासाचे वाचन करताना एका विसंगतीपाशी मी अडलो आहे. एडिनबर्गच्या रॉयल माइल या रस्त्यावरील दुकानांत आडनाव सांगितले की त्या कुळाचे टार्टन, म्हणजे त्या कुळाची म्हणून ठरलेली रंगीत चौकटींची लोकरी वीण, काढून दाखवली जाते. मॅकडोनाल्ड, फ्रेझर, मॅकलाउड असा प्रत्येकाचा नमुना निराळा, आणि तो शतकानुशतके चालत आला आहे असा सर्वसाधारण समज. याउलट, १७४६ मधील कलोडनच्या लढाईचे डेव्हिड मोरिये या चित्रकाराने त्याच काळात रंगवलेले चित्र पाहिले, तर त्यातील मोजक्याच हायलँडर, म्हणजे उत्तरेकडील डोंगराळ हायलँड भागातील, सैनिकांच्या अंगावर वीसहून अधिक प्रकारची टार्टन दिसतात. एकाच माणसाचा कोट एका नमुन्याचा आणि मोजे दुसऱ्याच. कुळाची ओळख कापडावरून पटत असती, तर असे चित्र कसे निघाले असते? कुळ आणि नमुना यांची जोडी नेमकी केव्हा जुळली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनीदप्तरे यांचे उत्तर:

आपली शंका रास्त आहे. कलोडनच्या रणांगणावर आपला कोण आणि शत्रू कोण हे टार्टनवरून ओळखले जात नव्हते. जॅकोबाइट पक्षाचे, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणारे, लोक टोपीला पांढऱ्या फितीचे फूल लावत, आणि तीच त्यांची खूण होती. (जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: ही लढाई इंग्रज विरुद्ध स्कॉट अशी सरळ नव्हती. ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सरकारी सैन्यात स्कॉट पलटणी होत्या आणि हायलँडर लोकही होते.)

१६ एप्रिल १७४६ रोजी ती लढाई तासाभराच्या आत संपली, आणि चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे बंड मोडले. त्यानंतर संसदेने जे कायदे केले, त्यांत पोशाखावरील बंदीही होती. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधील कोणत्याही पुरुषाने किंवा मुलाने हायलँडचा पोशाख घालणे हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी सहा महिने कैद आणि पुन्हा सापडल्यास सात वर्षांसाठी समुद्रापार हद्दपारी. स्त्रियांना ही बंदी लागू नव्हती, आणि लष्करात भरती झालेल्यांनाही नव्हती. ही दुसरी सवलत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण १७३९ मध्ये पलटण म्हणून उभ्या राहिलेल्या ब्लॅक वॉचचे गडद हिरव्या, निळ्या आणि काळ्या रंगांचे टार्टन बंदीच्या पूर्ण काळात उजळ माथ्याने वापरात राहिले. एका गटातील सर्वांनी एकच नमुना घालायचा ही शिस्त मुख्यत्वे या गणवेशातून आली, असे माझे मत आहे.

बंदी १७८२ मध्ये उठली, पण तोवर जवळजवळ एक पिढी उलटली होती. मागणी पुन्हा वाढली ती पुरवली बॅनकबर्न येथील विल्यम विल्सन अँड सन या विणकाम करणाऱ्या पेढीने, आणि हे गाव हायलँडमध्ये नाही, दक्षिणेकडील सखल लोलँडमध्ये आहे. या पेढीच्या १८१९ सालच्या नमुनावहीत दोनशेहून अधिक विणी उभ्या-आडव्या धाग्यांच्या मोजमापासह नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी कित्येकांना केवळ क्रमांक होते, काहींना गावांची नावे होती, आणि कुळांची नावे हळूहळू चिकटत गेली. मॅकफरसन कुळाचे म्हणून जे टार्टन आज विकले जाते, ते या पेढीत आधी नुसत्या क्रमांकाने ओळखले जाई. पुढे किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या कपड्यांसाठी ते मोठ्या प्रमाणावर मागवले, म्हणून त्याला ‘किड’ म्हणू लागले, आणि त्यानंतर कुठे ते मॅकफरसनांचे झाले.

खुद्द कुळप्रमुखांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये त्यांच्याकडून आपापल्या कुळाच्या खऱ्या टार्टनचे तुकडे मागवले, तेव्हा लॉर्ड मॅकडोनाल्ड यांना आपले टार्टन नेमके कोणते याचा पत्ता नव्हता. अस्सल नमुना सोसायटीनेच शोधून द्यावा, असे त्यांनी उलट कळवले. मग ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या सोहळ्यात प्रमुखांनी आपापल्या टार्टनमध्ये अनुयायांसह हजर राहावे अशी अपेक्षा होती, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे असे टार्टन नव्हते त्यांनी ते घाईघाईने मिळवले. राजाने स्वतः होलीरूड राजवाड्यातील दरबारात किल्ट (टार्टनचा चुण्यांचा घागरा) घातला, आणि तोही गुलाबी तंग पायमोज्यांवर. व्यंगचित्रकारांना आणखी काय हवे होते!

लोकरीची_गाठ यांचे उत्तर:

वरील उत्तरातील तपशिलांना माझी हरकत नाही, परंतु असे वाचून अनेकजण ‘म्हणजे टार्टन हेच मुळात बनावट’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात, आणि तो मात्र चुकीचा आहे. कुळाचे लेबल नवे आहे. कापड फार जुने आहे.

फॉलकर्क येथे सुमारे दोन हजार रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्यात लोकरीच्या चौकटीदार कापडाचा तुकडा सापडला होता. तो तिसऱ्या शतकातील असून न रंगवलेल्या, नैसर्गिक गडद आणि फिक्या लोकरीचा आहे. आजच्या अर्थाने त्याला टार्टन म्हणावे का, यावर वाद घालता येईल. ग्लेन ॲफ्रिक येथील तुकड्याबाबत तसा वाद नाही. दलदलीतील पीट मातीत हवा शिरत नसल्यामुळे तो टिकून राहिला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तो हाती लागला आणि अलीकडच्या तपासणीत तो बहुधा १५०० ते १६०० या काळातील असल्याचे निष्पन्न झाले. त्यात हिरवा रंग वनस्पतिजन्य निळ्याच्या मदतीने साधलेला आहे आणि कृत्रिम रंगाचा मागमूस नाही. २०२३ मध्ये तो डंडी येथील व्ही अँड ए संग्रहालयात मांडण्यात आला.

दुसरा पुरावा मार्टिन मार्टिन यांचा. स्काय बेटावरच जन्मलेल्या आणि गेलिक बोलणाऱ्या या लेखकाने १७०३ मध्ये पश्चिमेकडील बेटांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक बेटावरील विणीची तऱ्हा वेगळी असून ज्याने ती ठिकाणे पाहिली आहेत त्याला माणसाच्या कापडावरून त्याचे गाव ओळखता येते, असे म्हटले आहे. तेव्हा नमुन्याचे नाते कुळाशी नसले तरी प्रदेशाशी, त्या भागातल्या विणकराशी आणि तिथे मिळणाऱ्या रंगाच्या वनस्पतींशी होते. एका खोऱ्यात एका कुळाची वस्ती दाट असेल, तर व्यवहारात दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकत्र येणारच.

खरी बनवेगिरी पाहायची असेल तर ती १८४२ मधली पाहावी. सोबिएस्की स्टुअर्ट असे भारदस्त नाव धारण केलेल्या दोघा भावांनी, ज्यांचे मूळ आडनाव ॲलन होते, सोळाव्या शतकातील हस्तलिखितावर आधारलेला म्हणून ‘वेस्टिॲरियम स्कॉटिकम’ हा ग्रंथ छापला. असे हस्तलिखित कधीच कोणाला तपासायला मिळाले नाही. ज्यांनी पूर्वी टार्टन कधी अंगाला लावले नव्हते अशा लोलँडमधील घराण्यांनाही त्यांनी एकेक टार्टन बहाल केले, आणि त्यांतील बरीच आजही विकली जातात.

दीर्घवाचक:

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो: आज एखाद्या कुळाशी नाते नसलेल्या माणसाने त्या कुळाचे टार्टन घातले, तर कायद्याने अडचण येते का?

चौकटवीण यांचे उत्तर:

येत नाही. स्कॉटिश संसदेच्या २००८ च्या कायद्यान्वये टार्टनची अधिकृत नोंदवही स्थापन झाली आणि २००९ पासून ती खुली आहे. परंतु तिथे नोंद होते ती नमुन्याची, घालणाऱ्याच्या हक्काची नव्हे. शुल्क भरून, अटी पूर्ण करून नवा नमुना कोणीही नोंदवू शकतो. बालमोरल टार्टन हा शिष्टाचाराने पाळला जाणारा अपवाद आहे. प्रिन्स अल्बर्ट यांनी ते १८५३ मध्ये तयार केले आणि ते राजघराण्यापुरते राखलेले आहे. कुलचिन्हांचे मात्र तसे नाही. ती लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयाच्या अखत्यारीत येतात, आणि दुसऱ्याचे चिन्ह स्वतःचे म्हणून मिरवणे स्कॉटलंडमध्ये आजही दंडनीय आहे. ज्यांना कुळाबद्दल आदर दाखवायचा असेल त्यांनी टार्टनबाबत निर्धास्त असावे आणि टोपीवरच्या, कुलचिन्ह असलेल्या बिल्ल्याबाबत जपून.

विणीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अधिक लिहितो, कारण नमुना ‘वाचता’ आला की नोंदवहीतील आकडे समजू लागतात. टार्टनमध्ये उभ्या धाग्यांचा जो रंगक्रम असतो तोच बहुधा आडव्या धाग्यांचाही असतो. एकच रंग स्वतःला छेदतो तिथे भरीव चौकोन दिसतो. दोन वेगळे रंग छेदतात तिथे तिरक्या विणीमुळे दोहोंच्या मधली छटा दिसते. त्यामुळे सहा रंगांचे धागे वापरले, तर कापडावर सहा शुद्ध आणि पंधरा मिश्र, अशा एकवीस छटा होऊ शकतात. बहुतेक नमुने एका पट्ट्यापाशी येऊन आरशातल्यासारखे उलटतात, म्हणून नोंदवहीत साधारणपणे अर्धाच क्रम लिहिलेला असतो.

किल्ट शिवताना हीच गोष्ट कसोटीला लागते. एका किल्टला सुमारे सात मीटर कापड लागते आणि त्यातील बहुतांश मागच्या चुण्यांमध्ये जाते. शिवणारा कारागीर प्रत्येक चुणी अशी दुमडतो की पाठीमागेही पूर्ण नमुना अखंड दिसावा. लष्करी पद्धतीत मात्र प्रत्येक चुणीच्या मध्यावर एकच ठरावीक पट्टा आणतात. त्यामुळे माणूस चालू लागला की मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अगदी निराळी भासते.

जुनीदप्तरे यांची पुरवणी:

१८२२ च्या सोहळ्याबद्दल एक बाब आधी लिहायची राहिली. त्या मिरवणुकीत सदरलंडच्या जमीनमालकिणीतर्फे तिथल्या हायलँडरांचे पथकही टार्टन घालून सामील झाले होते. त्याच इस्टेटीवर आदल्या दशकात मेंढपाळीसाठी हजारो कुळवाड्यांना त्यांच्या खोऱ्यांतून उठवण्यात आले होते. स्ट्रॅथनेव्हर येथे १८१४ मध्ये घरे जाळून माणसे बाहेर काढल्याच्या आरोपावरून इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेस येथे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उरलेल्या शेतकऱ्यांना जमिनीवरील वहिवाटीचे कायदेशीर संरक्षण मिळाले ते थेट १८८६ मध्ये, आणि तेही स्काय बेटावरील दंगलींनंतर नेमलेल्या नेपियर आयोगाच्या चौकशीनंतर.