गोल्फ: ग्लोव्हला एकाच जागी भोक, ड्रायव्हरचा बॉल उजवीकडे वळतो: आधी ग्रिप सुधारू की स्विंग?

खारघर_सकाळ
नमस्कार. मी सिडकोच्या खारघरच्या कोर्सवर खेळते, उजव्या हाताने. कॉलेजात बॅडमिंटन होतं. गोल्फ चाळिशीनंतर सुरू केलं आणि आता ते सुटेल असं वाटत नाही. सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) बऱ्यापैकी सरळ जातं. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घेतला की मात्र बॉल थोडा डावीकडे निघतो आणि पुढे जाऊन उजवीकडे वळतो, तो थेट झाडीतच. म्हणून मी आणखी डावीकडे रोख धरते, तर वळण आणखी वाढतं!

दुसरी गोष्ट, डाव्या हाताच्या ग्लोव्हला दर वेळी एकाच ठिकाणी भोक पडतं. करंगळीच्या खाली, मनगटाजवळची जी गादी असते, तिथे. दुकानदाराच्या सांगण्यावरून एक साइझ लहान घेतला, तरी भोक तिथेच. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एक जण दोन्ही हातांची बोटं अडकवून इंटरलॉक कर म्हणतात, दुसरे दहा बोटांची बेसबॉल ग्रिप सुचवतात. व्हिडिओ बघून तर डोकं भणभणलंय. आधी हाताकडे बघू की स्विंगकडे?

येरवडेकर
ताई, आधी हात. स्विंगला सध्या अजिबात हात लावू नका.

माझं पोरवय येरवड्याच्या कोर्सवर कॅडी म्हणून, खेळाडूंच्या बॅगा उचलण्यात गेलं, आता रेंजवर नवीन लोकांना शिकवतो. बॉल कुठे जाणार याचा अंदाज कॅडीला तो मारायच्या आधीच यावा लागतो, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात झुडपं चाळत बसायची वेळ येते. त्यामुळे साहेब लोक बॉलसमोर उभे राहिले की आम्ही पोरं त्यांच्या डाव्या हाताकडे बघायचो. दांडा तळव्यात दिसला की उजव्या बाजूला चालायला लागायचं.

तुमच्या ग्लोव्हचं भोक तेच सांगतंय. दांडा गादीच्या खाली, बोटांत बसायला हवा. तुमचा तो गादीवर, तळव्यात आडवा बसतोय. मग तो स्विंगमध्ये प्रत्येक वेळी थोडासा सरकतो आणि चामडं घासलं जातं. यात साइझचा काही संबंध नाही.

भरलेली बादली उचलताना कडी आपोआप बोटांत येते, तळव्यात कुणी धरत नाही. दांडाही तसाच घ्यायचा. डावा हात मांडीशेजारी सैल सोडा. दांडा तर्जनीच्या मधल्या पेऱ्यापासून करंगळीच्या मुळाकडे तिरका ठेवा, बोटं मिटा आणि गादी त्याच्यावर आणून टेकवा. अंगठा दांड्याच्या मध्यावर नको, किंचित उजवीकडे. दांड्याचं टोक हाताबाहेर बोटभर राहू द्या. आता मान खाली घालून बघा, डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडं वर दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे वळलाय, आणि तुमच्याकडे तसंच असणार असा माझा अंदाज आहे.

बरोबर बसलं का ते तपासायचं असेल तर क्लब समोर उचला आणि बाकीची बोटं सोडून द्या. नुसत्या वाकवलेल्या तर्जनीवर आणि वरच्या गादीवर क्लब तोलून राहिला तर पकड बरोबर. तळव्यात धरलेला क्लब लगेच घसरतो.

उजवा हातही बोटांतच. त्याच्या अंगठ्याखालचा खोलगट भाग डाव्या अंगठ्यावर झाकणासारखा बसू द्या. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमध्ये जी घडी पडते, तिचा रोख उजव्या खांद्याकडे. दाब डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत ठेवा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी निवांत हवेत.

आणि हे फार महत्त्वाचं: फेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू, आधी लक्ष्याकडे सरळ लावायचा, मग पकड घ्यायची. पुष्कळ जण आधी घट्ट धरतात आणि मग मनगटं फिरवून फेस सरळ करतात. वरून सगळं ठीक दिसतं, पण ती ग्रिप जुनीच असते.

आता बॉल का वळतो ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात हाताने काही दुरुस्त करता येत नाही. पकडीने फेस जसा आणला तसाच तो बॉलवर येतो. बॉल निघतो बहुतांशी फेस जिकडे बघतोय तिकडे, आणि वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यात जेवढा फरक असेल तेवढा. तुमचा फेस थोडा डावीकडे बघतोय, पण क्लब त्याहून जास्त डावीकडे, बाहेरून आत, म्हणजे बॉलच्या पलीकडून तुमच्या अंगाकडे, ओढला जातोय. म्हणून बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळतो. तुम्ही आणखी डावीकडे रोख धरला की मार्गही आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो, वळण वाढतं. सात नंबरच्या फेसला तिरकेपणा जास्त, उलटी फिरकी जास्त, म्हणून तोच दोष तिथे झाकला जातो.

हा बाहेरून आत ओढण्याचा प्रकार शरीराने स्वतःच शोधून काढलाय. तळव्यातल्या पकडीने मनगटं आखडतात, फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत राहतो, बॉल उजवीकडे जातो. तो वाचवायला खांदे डावीकडे ओढायला लागतात. मुळाशी पकडच आहे.

ग्रिप बदलल्यावर बॉल सरळ डावीकडे जायला लागेल, न वळता. घाबरून जुन्या पकडीवर परत जाऊ नका. फेस बंद व्हायला लागलाय, शरीर अजून जुन्या सवयीने ओढतंय, एवढंच.

नाशिकचा_डावखुरा
येरवडेकर काकांनी डाव्या हाताचं सांगितलं ते शंभर टक्के. (माझ्यासारख्या डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) इंटरलॉक की ओव्हरलॅप, या वादाबद्दल थोडं लिहितो, कारण रेंजवर यात लोकांचा फार वेळ जातो.

उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवायची, ती ओव्हरलॅप. हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. तो १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकला. करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकवली की इंटरलॉक. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स दोघेही असंच धरतात. म्हणजे दोन्हींनी जग जिंकून झालंय. हात लहान असतील, बोटं आखूड असतील तर इंटरलॉक सोपी पडते. बोटांच्या सांध्यांत दुखत असेल तर दहा बोटांची ग्रिपही चांगली. यातल्या कशानेही तुमचा स्लाइस (बॉल उजवीकडे वळणं) जाणार नाही, कारण तो करंगळीमुळे होतच नाहीये. फक्त इंटरलॉक करताना बोटं मुळापर्यंत घुसवू नका, दांडा परत तळव्यात ढकलला जातो.

आणखी एक. जुना नामांकित गोल्फर बेन होगन, त्याची ग्रिप म्हणून जे फोटो फिरतात त्यात डावा हात बराच डावीकडे वळलेला दिसतो. होगनचा त्रास हूकचा होता, बॉल डावीकडे वळायचा. त्याने ते थांबवायला हात तसा ठेवला. स्लाइसवाल्याने ती ग्रिप उचलली तर आगीत तेल.

दांड्यावरच्या रबरी ग्रिपची जाडीही एकदा बघून घ्या. डावा हात मिटल्यावर मधली दोन बोटं तळव्याला हलकीच टेकायला हवीत. मोठं अंतर राहत असेल तर रबर जाड आहे, आणि मग बोटांत धरणं अवघडच जातं.

खारघर_सकाळ
काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. एकच हाड दिसत होतं, अगदी बरोबर! आता अडीच दिसतात. तर्जनीवर क्लब तोलून राहतो. बॉल खरंच सरळ डावीकडे जायला लागला, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी सोडून दिलं असतं.

दोन प्रश्न राहिलेत. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, हे चालतं का? आणि आमच्याकडे पावसाळ्यात हात इतका घामेजतो की आपोआप आवळून धरलं जातं. त्याचं काय करू?

येरवडेकर
ठणका अंगावर काढू नका. तुम्ही अंगठा दांड्यावर लांब ताणून ठेवत असणार. वर मनगट वळलं की सगळा भार त्याच्या मुळावर येतो. अंगठा नखाच्या अर्ध्या लांबीएवढा मागे ओढा, नुसता टेकवा. तरी दुखलं तर थोडे दिवस विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

घामासाठी दोन ग्लोव्ह ठेवा, काही होल झाले की बदला. ओला ग्लोव्ह उन्हात टाकू नका, चामडं कडक होऊन चिरतं. सावलीत पसरून सुकवा. ग्रिपचं रबर कोमट पाण्यात थोडा साबण घालून पुसून घ्या. हाताच्या तेलाने ते गुळगुळीत होतं, आणि बहुतेक लोकांना वाटतं की आपल्याच हातात जोर कमी पडतोय. भर पावसात कापडी रेन ग्लोव्ह घाला, ते ओले झाले की उलट जास्त पकडतात.

आता मार्गाकडे वळू. नऊ नंबरचं आयर्न घ्या. बॉलच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, चार-पाच बोटं अंतर सोडून ड्रायव्हरचं कव्हर ठेवा. कमरेपासून कमरेपर्यंतच अर्धा स्विंग. क्लब बाहेरून आला तर कव्हरला लागेल, लगेच कळेल. खांद्याने सुरुवात करू नका. डाव्या पायावर वजन येऊ द्या, हात मागून येतील. बॉलची अर्धी बादली अशी, उरलेली पाय जुळवून. पाय जुळवले की खांदे ओढताच येत नाहीत, तोल जातो.

कव्हरला न लागता बॉल सलग सरळ निघायला लागले की ड्रायव्हर काढा. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर, टी (बॉल ठेवायची खुंटी) एवढी उंच की अर्धा बॉल ड्रायव्हरच्या वर दिसेल. पहिले काही अर्ध्या जोरानेच मारा आणि कुठे निघतात ते इथे कळवा. त्यावरून उभं कसं राहायचं ते सांगतो.