हयात व्यक्तीची जन्मतारीख: सत्काराच्या बातमीवरून लावायची का?

टीपकागद:
मराठी विकिपीडियावर पुण्यातल्या एका हयात गायिकेच्या पानावर पूर्ण जन्मतारीख दिली आहे. संदर्भ काय, तर अमृतमहोत्सवी सत्काराची बातमी. त्या बातमीत जन्मतारीख नाहीच. कुणीतरी सत्काराचा दिवस तोच जन्मदिवस धरला आणि सालातून ७५ वजा केले. माझ्या मते तारीख काढावी.

नागझरी:
विरोध. बाई स्वतः व्यासपीठावर बसून औक्षण करून घेतात, पेपरात फोटो येतो, चौकात फ्लेक्स लागतो. मग लपवायचं काय? विकिपीडियाचे हयात व्यक्तींबद्दलचे कडक नियम बदनामी रोखायला आले. २००५ साली जॉन सायगेन्थॉलर या पत्रकाराला केनेडी हत्येतला संशयित ठरवणारा मजकूर इंग्रजी विकिपीडियावर चार महिने तसाच राहिला होता, त्यानंतर. वय सांगणं ही बदनामी नव्हे.

टीपकागद:
जन्मतारखेचा मुद्दा इंग्रजी विकिपीडियाच्या त्याच धोरणात वेगळा दिलाय: तारीख विश्वासार्ह ठिकाणी सर्रास छापलेली हवी, किंवा त्या व्यक्तीची हरकत नाही हे दिसायला हवं. हरकत आली तर फक्त साल.

पण खाजगीपण राहू द्या, आधी हिशोब बघा. ‘पंचाहत्तरीत पदार्पण’ म्हणजे ७४ पूर्ण. ‘पंचाहत्तरी पूर्ण’ म्हणजे ७५. फेब्रुवारी २०१९ च्या एकाच सत्कारातून १९४५ही निघतं आणि १९४४ही. शिवाय सत्कार तारखेनं झाला, तिथीनं झाला, की सभागृह मिळालं त्या रविवारी? फ्लेक्सवर तर साल नसतंच.

कागदपत्री:
राजकारण्यांसाठी सोपा उपाय आहे. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६. शपथेवर लिहिलेलं असतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं.

टीपकागद:
त्यात वय असतं, जन्मतारीख नसते. २९ ऑक्टोबर २०२४ च्या प्रतिज्ञापत्रात ‘५२ वर्षे’ असेल, तर जन्म ३० ऑक्टोबर १९७१ ते २९ ऑक्टोबर १९७२ मध्ये कधीही. म्हणजे सालही एक ठरत नाही. ‘१९७१ किंवा १९७२’ लिहा. आणि दुवा दिलात की घरचा पत्ता, फोन, जोडीदाराची मालमत्ता हे सगळं वाचकाच्या हाती. सरकारी कागद थेट संदर्भ म्हणून वापरू नका असं धोरण म्हणतं ते याचसाठी.

नागझरी:
प्रतिज्ञापत्राचं मान्य. पण ‘सर्रास छापलेली’ ही अट मराठी कलावंतांना लावली तर निम्मी पानं रिकामी राहतील. आमच्याकडे एखाद्या गायिकेवर स्मरणिका निघते, एक मुलाखत येते, संपलं. मुलाखतीत त्यांनी स्वतः तारीख सांगितली असेल, तर तीही नको?

टीपकागद:
ती चालेल. स्वतःबद्दलचं, वादग्रस्त नसलेलं, त्यांचंच आहे याची खात्री असलेलं विधान धरता येतं. फक्त त्या पिढीत १ जून दिसली की जरा थांबा. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

चौकटराजा:
पानावरून काढून भागणार नाही. माहितीचौकट, म्हणजे पानाच्या कडेचा तक्ता, विकिडेटा या विकिपीडियाच्या सामायिक माहितीसाठ्यावरून भरली जात असेल तर तारीख परत उगवते. तिथे पी-५६९ हा जन्मतारखेचा गुणधर्म उघडा. संदर्भात बहुतेक ‘मराठी विकिपीडियावरून आयात’ एवढंच सापडेल. म्हणजे पानाला आधार विकिडेटाचा, विकिडेटाला पानाचा! तिथे तारखेची अचूकता ‘वर्ष’ करा आणि खरा संदर्भ जोडा. पानावर संपादकांपुरती दिसणारी लपवलेली टीप ठेवा, नाहीतर आठवड्याभरात कुणी उत्साही पुन्हा भरेल. आणि संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या ओळीत, ‘अमुक तारीख काढली’ असं तारखेसकट लिहू नका, ती पानाच्या इतिहासात कायम राहते.

टीपकागद:
पानाच्या जुन्या आवृत्त्याही प्रचालकांकडून, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांकडून, झाकून घ्यायला हव्यात.

नागझरी:
हे मात्र अति होतंय. फोन नंबर असता तर मीच मागणी केली असती. ज्या दिवशी भर सभागृहात पेढे वाटले, तो दिवस इतिहासातून झाकायला माझी हरकत कायम. पानावर साल ठेवा, ‘१९४४ किंवा १९४५’ असंच ठेवा. मुलाखत सापडली की मी जोडतो.