लैंगिक गुन्ह्यात 'समोरासमोर बसवणं' कशाला?

रानवारा: 'लैंगिक गुन्ह्यांत कोर्टापेक्षा समाजाने दोघांना समोर बसवावं, पुनर्स्थापक न्याय, म्हणजे शिक्षेऐवजी गुन्हेगाराने कबुली देऊन झालेलं नुकसान भरून काढणं, हाच खरा न्याय' ही पोस्ट वाचून दोन दिवस धुमसतेय. मी चौदा वर्षांची असताना आमच्या घरात असंच बसवलं होतं. तो म्हणाला, "चूक झाली." मग सगळे वडीलधारे माझ्याकडे बघत राहिले. "माफ केलं" म्हणेपर्यंत मला उठू दिलं नाही.

सरळरेघ: भयंकर आहे. पण ती दडपादडपी होती, पुनर्स्थापक न्याय नव्हे. अ‍ॅरिझोनात २००३ ते २००७ चाललेल्या, लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या रिस्टोर या पुनर्स्थापक न्यायाच्या प्रकल्पात प्रकरण सरकारी वकिलाकडून यायचं, पीडितेची संमती लागायची, नंतर वर्षभर आरोपीवर देखरेख असायची.

रानवारा: संमती? मीही 'हो'च म्हटलं होतं.

चौथी खुर्ची: मी कोर्टात गेले. साडेचार वर्षं. उलटतपासणीत ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावली. तो सुटला. मला फक्त "हो, मी केलं" एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. कोर्टात नाकारण्यातच त्याचा फायदा होता.

निशिगंध: माफीचं तर नावच काढू नका. मला पत्र आलं होतं. 'तुला त्रास झाला असेल तर.' असेल तर! तिथेच फाडलं.

सरळरेघ: माफी मागणं वेगळं, माफ करणं वेगळं. माफ करण्याची सक्ती पुनर्स्थापक न्यायात नसते.

निशिगंध: सक्ती करावी लागतच नाही हो. तो रडतो, सगळे हळहळतात, आणि गप्प बसलेली तीच दगडाच्या काळजाची ठरते.

सरळरेघ: कॅनडातल्या हॉलो वॉटर या आदिवासी वस्तीत आधी गुन्हा कबूल करावा लागायचा, मगच वस्तीतले लोक दोघांसोबत बोलायला वर्तुळात बसायचे.

रानवारा: छोट्या वस्तीत त्या वर्तुळात बसणार कोण? त्याचेच नातेवाईक ना? तुम्ही प्रकल्प मोजताय, मी माझं चौदावं वर्ष सांगतेय.

सरळरेघ: चिडू नका.

रानवारा: मी चिडायचं की नाही हे तुम्ही ठरवणार?

सरळरेघ: बरं, शब्द मागे घेतो. पण चौथी खुर्ची यांना काय सांगाल?

रानवारा: त्यांना नाही म्हणायचा हक्क मला नाही, एवढं मान्य. त्यांनी स्वतःहून मागितलं, तो आधी कबूल झाला, घरचं कुणी खोलीत नसलं आणि कोर्टाचं दार उघडं राहिलं, तर होऊ दे. अल्पवयीन मुलीला मात्र कुणीही बसवू नये. यावरून मी हटणार नाही.

चौथी खुर्ची: आधी कबूल व्हायला हवा ना. तो अजून सगळ्यांना सांगतो, काही झालंच नव्हतं.