मदत हवी आहे : कोबुर्ग घराण्याची वंशावळ जुळत नाहीये

जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग घराण्याचा तक्ता मोठ्या कागदावर काढायला घेतलाय आणि पार गुंता झालाय.

ड्यूक अर्न्स्टचं पहिलं लग्न 1817 साली गोथाच्या लुईझशी झालं. अर्न्स्ट आणि आल्बर्ट ही त्यांची मुलं. (पोराला बापाचंच नाव, इथूनच माझी डोकेदुखी!) 1826 मध्ये घटस्फोट. 1832 मध्ये ड्यूकने दुसरं लग्न केलं ते व्युर्टेंबर्गच्या मारीशी, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या, आंटोआनेटच्या मुलीशी. म्हणजे मुलांची आतेबहीणच त्यांची सावत्र आई! तिला तक्त्यात नक्की कुठे बसवायचं? दोनदा नाव लिहायचं की दुहेरी रेघ ओढायची?

पुढे आल्बर्टने 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाशी लग्न केलं. तीही आतेबहीण, व्हिक्टोरिया नावाच्याच दुसऱ्या आत्याची मुलगी. तिथेही तोच घोळ.

दुसरी शंका : हा बाप काही ठिकाणी 'तिसरा अर्न्स्ट' आणि काही ठिकाणी 'पहिला अर्न्स्ट' असा सापडतो. 1826 मध्ये झालफेल्डचा प्रदेश देऊन गोथाचा मिळाला, नवी डची (ड्यूकचं राज्य) झाली, म्हणून क्रमांक पुन्हा एकपासून मोजला, हा माझा अंदाज बरोबर आहे ना?

देशमुख-सरदेसायांच्या वंशावळी ज्यांनी मांडल्यात, त्यांनी जरूर सांगा. मामा-भाचीचं लग्न तुम्ही कसं दाखवता? जमल्यास हाताने काढलेल्या तक्त्याचा फोटो टाका.