तुर्कस्तान: निवडून आलेल्या कुर्दी महापौराला हटवतात कसं?

प्रश्न: मार्च २०२४ मध्ये आग्नेय तुर्कस्तानातल्या मार्दिनमध्ये कुर्दीसमर्थक डेम पक्षाचे अहमत तुर्क महापौर म्हणून निवडून आले. नोव्हेंबरात त्यांच्या खुर्चीवर प्रशासक म्हणून सरकारने नेमलेला प्रांताचा राज्यपाल. हे कायद्यात बसतं?

उत्तर १: दुर्दैवाने बसवलं गेलंय. राज्यघटनेचं कलम १२७ गृहमंत्र्याला, पदाशी संबंधित गुन्ह्याची चौकशी चालू असताना, महापौराला तात्पुरतं निलंबित करू देतं. एरवी रिकाम्या जागी पालिकेची परिषद आपल्यातूनच कुणाला निवडते. पण सप्टेंबर २०१६ च्या आणीबाणीतल्या वटहुकूम क्रमांक ६७४ ने पालिका कायद्यात अपवाद घातला: आरोप दहशतवादाचा असेल तर माणूस सरकार नेमणार. २०१८ मध्ये आणीबाणी उठली, अपवाद राहिला.

उत्तर २: यातला अन्याय इस्तंबूलशी ताडून पाहा. मार्च २०२५ मध्ये तिथले विरोधी पक्षाचे महापौर इमामोग्लू यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात कोठडी मिळाली, दहशतवादाच्या प्रकरणात नाही. म्हणून प्रशासक आला नाही. परिषदेनेच त्यांच्या जागी नुरी अस्लान यांना निवडलं. मार्दिनच्या मतदारांना एवढीही संधी नव्हती.

प्रश्नकर्ता: निवडणूक मंडळ काही करत नाही?

उत्तर १: त्याचा अधिकार निकालापुरता. पूर्वेकडच्या व्हान शहरात एप्रिल २०२४ ला प्रांतिक मंडळाने डेमचे विजयी उमेदवार झेदान यांना डावलून महापौरपदाचं प्रमाणपत्र सत्ताधारी एकेपी पक्षाच्या पराभूत उमेदवाराला दिलं; लोक रस्त्यावर उतरले आणि सर्वोच्च मंडळाने निर्णय फिरवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये झेदान यांना शिक्षा झाली आणि प्रशासक आलाच. दहशतवादाचे हे आरोप ज्या कुर्दी सशस्त्र संघटनेवरून होतात, त्या पीकेकेने मे २०२५ मध्ये विसर्जन जाहीर केलंय, तेव्हा आता हा अपवादच रद्द करून घ्यायला हवा.