प्रतिसाद: लिंकन आणि गुलामगिरीविरोध

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा गुलामगिरीविरोध १८५४ नंतरच्या राजकारणातून जन्मला, हे मत मला पटत नाही. इलिनॉय राज्याच्या विधानसभेने जानेवारी १८३७ मध्ये गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी संमत केला, तेव्हा विरोधी मत देणाऱ्या सहा जणांत सत्तावीस वर्षांचे लिंकन होते. पुढे ३ मार्चला त्यांनी आपला लेखी आक्षेप सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घेतला. गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र तिच्या उच्चाटनाच्या प्रचाराने अनर्थ वाढतोच, हेही त्याच कागदात आहे. त्याखाली सह्या दोनच, त्यांची आणि सहकारी आमदार डॅन स्टोन यांची.

तरीही त्यांची वकिली या भूमिकेशी नेहमी सुसंगत राहिली नाही, हे मान्य करायलाच हवे. १८४७ मध्ये कोल्स परगण्यातील खटल्यात त्यांनी केंटकीच्या रॉबर्ट मॅट्सन या गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले होते. मॅट्सनची गुलाम जेन ब्रायंट आणि तिची मुले त्याच्याच इलिनॉयमधील, म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेल्या राज्यातील, शेतावर राहत होती, म्हणून न्यायालयाने त्यांना मुक्त ठरवले. लिंकन खटला हरले, आणि ते हरले याचे मला आजही मनापासून समाधान वाटते.