झाडं ओळखणाऱ्यांना पैसा द्यायचा की डीएनए सिक्वेन्सिंगला?

सड्यावरचा: परवा चहावर यावरून जुंपली म्हणून इथे टाकतोय. माझं म्हणणं असं की वनस्पतीशास्त्राला जो काय फंड मिळतो तो मशीन आणि किटमध्येच जातो, झाडं ओळखणारी माणसं तयार करायला कुणी दमडी देत नाही. एमएस्सी झालेली पोरं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची लॅबमधली पद्धत) झोपेत लावतील पण कासला नेलं तर सगळं गवत सारखंच. पर्यावरण मंत्रालयाची आयकॉपटॅक्स म्हणून योजना होती, शेवाळं, लायकेन, गवतं अशी गटवार केंद्रं, आणि त्या गटाच्या जाणकाराच्या हाताखाली पोरं शिकायची. तसलं काहीतरी पाहिजे. तीन दिवसांची वर्कशॉप नकोत, त्यात बॅग मिळते, सर्टिफिकेट मिळतं, ग्रुप फोटो निघतो, झालं.

पीसीआरवाली: दादा, शिकून करायचं काय पण? टॅक्सोनॉमीत (जाती ओळखून वर्गवारी करायच्या शास्त्रात) पीएचडी करून पोरं तासिका तत्त्वावर शिकवतायत, तेही जागा निघाली तर. लॅबचं काम येत असेल तर निदान कंपनीत तरी लागतात. आणि तुझं लाडकं कंदीलपुष्प, फूल नसताना नुसत्या पानावरून त्याच्या दोन जाती वेगळ्या काढून दाखव. डीएनएला पावसाची वाट बघावी लागत नाही.

सड्यावरचा: आणि तो डीएनए कुणाचा हे कोण सांगणार? डेटाबेसमधल्या सिक्वेन्सवर मुळात चुकीचं नाव चिकटलं असेल तर तुमची 99 टक्के मॅच घेऊन काय करायचं. मूळ नमुना वाळवून, शीटवर चढवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात), म्हणजे पुण्याच्या आघारकर संस्थेत, बीएसआयला (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) नाहीतर मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटरला ठेवलेला असेल तर निदान उघडून बघता येतं.

राहुरीकर: तुम्ही दोघं भांडा, आम्ही बघतो 😀 विग्ना खांडालेन्सिस ऐकलंय? मुगा-उडदाची रानटी भावकी, फक्त आपल्या घाटात. ब्रीडिंगवाल्यांना (पिकांची नवी वाणं काढणाऱ्यांना) असली झाडं पाहिजे असतात पण कुठल्या डोंगरावर कधी शेंग धरते हे सांगणारा माणूस प्रोजेक्टच्या बजेटमध्ये 'इतर खर्च' मध्ये असतो.

वाळलेला_स्कॉलर: कुणाला किती हे नंतर बघू हो, आधी येतं कधी ते बघा. जेआरएफ (पीएचडीवाल्यांची फेलोशिप) 2023 पासून महिना 37,000 झालं, कागदावर. माझ्या प्रोजेक्टचं मान्यतेचं पत्र जूनमध्ये आलं, पैसे पडले नोव्हेंबरात, तोवर सडा (डोंगरावरचं कातळाचं पठार) पिवळा पडलेला, आणि मग ऑफिसचा धोशा की 31 मार्चच्या आत संपवा, यूसी (पैसे खर्च केल्याचा दाखला) द्या. फिल्डच्या गाडीचे पैसे तेव्हा घेऊन काय काड्या गोळा करू? कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, प्रोजेक्ट तीन वर्षांचा. शेवटी जुलैमधल्या गाडीचं भाडं गाईडनी खिशातून दिलं.

पीसीआरवाली: हे मात्र खरं. पण लॅबचं वेगळं नाहीये काही, पैसे अडकले की किट येत नाही आणि आणलेलं सॅम्पल फ्रीजरमध्ये पडून. आता एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी सरकारची नवी संस्था) आलंय, 5 वर्षांत 50,000 कोटी म्हणतात, बघू.

सड्यावरचा: त्यातले बरेचसे खासगी क्षेत्राकडून यायचेत. हर्बेरियम शीटला कुठली कंपनी पैसे देणार?

पीसीआरवाली: आयुर्वेदिकवाले देतील की. सीता अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळून विकतात, त्यांना टेस्ट हवीच आहे. आणि सालीच्या तुकड्याला ना पान ना फूल, तिथे तुझं भिंग चालत नाही.

सड्यावरचा: चालत नाही, मान्य. पण ताडून बघायला जो खऱ्या अशोकाचा नमुना लागतो तो जंगलात जाऊन, ओळखून कोण आणणार, मशीन? कंपनीकडून टेस्टचे पैसे घेशील तेव्हा त्याच कोटेशनमध्ये ओळखणाऱ्याचा पगार टाक, वर्षभराचा, नुसता टीए-डीए नको.

पीसीआरवाली: टाकते. अकाउंट्सनी खोडला तर मला बोलू नकोस.

वाळलेला_स्कॉलर: पगार जूनच्या आधी येणार असेल तर मी आत्ताच अर्ज करतो.